चोचीतला तुकडा

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. त्यांत एक कुरर पक्षी आहे. चोचीत मांसाचा तुकडा, म्हणून दुसरे बलवान पक्षी त्याला टोचतात. तो तुकडा सोडतो आणि सुखी होतो.

ही गोष्ट लहानपणी वडिलांकडून ऐकली. कळली मात्र सत्तरीत. १९९२ साली लोकल वाशीपर्यंत आली, त्याच सुमारास आम्ही नेरुळला राहायला आलो. पुढे ऑफिसात बढतीच्या वेळी मला डावललं. निवृत्तीला बारा वर्षं झाली, तरी सकाळच्या चहाला तोच विषय! एकदा ही म्हणाली, "अहो, तुम्ही रिटायर झालात, पण तुमचे साहेब अजून आपल्याच घरात राहतात."

हिवाळ्यात खाडीवर रोहित पक्षी पाहायला जायचा मला छंद आहे. एकदा तासभर उभा राहून परतलो, तेव्हा लक्षात आलं, पक्षी पाहिलेच नाहीत. मनात साहेबांशी भांडण चालू होतं.

अन्याय खरा असेल, तर तो का सोडायचा? अवधूत टोचणाऱ्यांना चांगलं म्हणत नाही. ते चुकलेच, पण चोच आपली आहे. दाद मागायची तेव्हा मी मागितली. आता त्या तुकड्याने पोट भरत नाही, नुसती चोच दुखते.

यंदा दत्तजयंतीला पादुकांवर डोकं ठेवून एवढंच मागणार आहे : महाराज, चोच उघडायची बुद्धी द्या.