जायचं कुठे?

आज सायकल चालवायची नाही. हे आधीच ठरवून टाकू, म्हणजे मन मोकळं होईल. आज फक्त तिच्याजवळ बसायचं आहे. ती गॅरेजमध्ये असेल तर दार वर करा, उजेड आत येऊ द्या. बेसमेंटमध्ये असेल तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसा. घरात सायकल उरलीच नसेल, तर जिच्यावर तुम्ही शेवटचं बसला होतात ती डोळ्यांसमोर आणा.

नुसतं बघा. टायर खाली बसले असतील. सायकल कोणी चालवो न चालवो, ट्यूबच्या रबरातून हवा हळूहळू निसटतच असते. चेनवर तपकिरी थर चढला असेल, सीटवर धूळ असेल. लगेच फडकं आणायला उठू नका. ‘इतकी वर्षं गेली’ हे वाक्य मनात येईल. येऊ द्या. आलं तसं ते जाईलही. त्याला उत्तर द्यायची गरज नाही.

आता एक प्रश्न मनात धरा आणि त्याच्याशी थोडा वेळ बसा: माझी पहिली सायकल मला कुठे घेऊन जात होती?

ती कशी दिसत होती, कोणत्या कंपनीची होती, हे आत्ता बाजूला ठेवा. कुठे नेत होती, तेवढंच आठवा. कदाचित सकाळी सहाच्या क्लासला, अंधारात, टायरला घासणाऱ्या डायनॅमोच्या घरघरीसोबत. कदाचित गिरणीत, मागे कॅरिअरला दळणाचा डबा बांधून, आणि येताना त्याच डब्याची ऊब पाठीला लागत असताना. मैत्रिणीकडे वही द्यायला. आजोबांची पेन्शन आणायला पोस्टात. पुण्यात वाढला असाल तर लक्ष्मी रोडची ती गर्दी आठवेल, चौकात पोलिसाचा हात खाली आला की एकदम सुटणारा सायकलींचा लोंढा. त्या शहराला सायकलींचं शहर म्हणायचे, ते उगाच नाही. कारखान्यातले कामगार, प्राध्यापक, नऊवारीतल्या बायका, सगळे सायकलवर असायचे. लहान गावात वाढला असाल तर तासावर भाड्याने मिळणारी सायकल आठवेल, किंवा वडिलांची उंच काळी सायकल, नळीखालून पाय घालून वाकडंतिकडं होत चालवलेली.

एखादा रस्ता निवडा आणि मनातल्या मनात तो सावकाश पार करा. कुठे चढ होता, कुठे पॅडल मारणं थांबवून नुसतं वाहत जायचात, कोणत्या वळणावर कुत्रं मागे लागायचं. घाई नको. तो रस्ता तुमच्या अंगात तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त शिल्लक आहे.

आणि आता हे लक्षात येतं का बघा. त्या दिवसांत सायकल चालवण्यासाठी तुम्हाला कधी उमेद गोळा करावी लागली होती का? कोणी विचारलं होतं का, की आज सायकल चालवायची इच्छा आहे ना? नाही. क्लासला जायचं होतं, म्हणून सायकल निघत होती. तिला काम होतं.

मग अमेरिका आली. इथे थोडं थांबून, स्वतःला न टोचता बघायचं आहे. सुरुवातीला विद्यापीठाच्या गावात कदाचित सायकल होतीच, हॉस्टेलपासून लॅबपर्यंत. मग नोकरी, मग गाडी, मग गावाबाहेरचं घर. दूध घरापासून दोन-तीन मैलांवर गेलं आणि वाटेत चार लेनचा रस्ता आला, ज्याच्या कडेला पायी चालायलाही जागा नाही. मुलं लहान असताना पुन्हा सायकली आल्या, पण त्या गाडीच्या मागे अडकवून पार्कमध्ये न्यायच्या, तिथे एक गोल फेरी मारायची, आणि परत गाडीला अडकवून घरी आणायच्या. जी आपल्याला नेत होती, तिलाच आता आपण नेऊ लागलो. सायकल व्यायाम झाली. व्यायामाला रोज नवी उमेद लागते, ती काही दिवस पुरते आणि संपते.

मला मनापासून वाटतं, की परदेशात आलेल्या आपल्यापैकी कित्येकांची सायकल आळसाने सुटली नाही. जायचं ठिकाण हरवलं म्हणून ती सुटली. हे मान्य केलं की छातीवरचं काहीतरी हलकं होतं. होतंय का, बघा.

ज्या रस्त्यांची आज धास्ती वाटते, त्यांच्याबद्दल एक गोष्ट ऐका. १८८० साली ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट गावात अमेरिकेतले सायकलस्वार जमले आणि त्यांनी लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन ही संघटना काढली. तेव्हा शहराबाहेरचे रस्ते म्हणजे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धुरळा. चांगले, पक्के रस्ते हवेत, अशी मोठी चळवळ या सायकलवाल्यांनी उभी केली. मोटारी नंतर आल्या. सायकल घेऊन रस्त्याच्या उजव्या कडेला उभे राहाल तेव्हा हे मनात असू द्या. इथे तुम्ही उपरे नाही.

आणखी एक माणूस ओळखीचा असावा असा. १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा बोस्टनचे डॉ. पॉल डडली व्हाइट त्यांच्या उपचारांसाठी गेले. हृदयरोग्याने अंथरुणातच पडून राहावं असा तेव्हाचा समज होता. व्हाइट मात्र चाला, हिंडा, सायकल चालवा असं सांगत राहिले, आणि स्वतः म्हातारपणापर्यंत सायकल चालवत राहिले. आज बोस्टनमध्ये चार्ल्स नदीच्या काठाने जो सायकलमार्ग जातो, त्याला त्यांचं नाव आहे. डॉक्टरच्या नावाचा दवाखाना असतो, पुतळा असतो. नदीकाठचा रस्ता असावा, हे मला फार योग्य वाटतं. बऱ्याच दिवसांनी सुरू करताना, विशेषतः रक्तदाब-मधुमेह असेल तर, आपल्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या. त्यात भ्यायचं काही नाही.

आता उठा आणि सायकलच्या बाजूला उभे राहा. दोन्ही हात हँडलवर ठेवा. ब्रेक हळूच दाबून सोडा. अमेरिकेत साधारणपणे डाव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. आपल्याकडे बहुतेक उजव्या हाताचा असायचा. बोटांना हे पुन्हा सांगावं लागेल. डावा एकदा, उजवा एकदा. चाकाकडे लक्ष द्या.

डोळे मिटा. तो क्षण आठवा, मागून सीट धरून धावणाऱ्याचा हात सुटल्याचा. वडील असतील, मोठी ताई असेल, शेजारचा दादा असेल. तुम्हाला कळलंच नव्हतं. सायकल डावीकडे कलली, आणि तुमच्या हातांनी हँडल डावीकडेच वळवलं. जिकडे पडत होतात तिकडेच. मन सांगत होतं उलट बाजूला ओढ, पण सायकल सावरली ती पडण्याच्या दिशेला वळल्यामुळे. चाकं तुमच्या कलत्या अंगाखाली आली आणि तोल परत आला. सायकल उभी कशी राहते याचं हेच मर्म आहे. चाकं गरगर फिरतात म्हणून ती पडत नाही, असं आपण शाळेत ऐकलेलं असतं. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाचे आणि नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे काही संशोधक मिळून या प्रश्नामागे लागले. त्यांनी अशी सायकल बनवली, जिच्यात फिरत्या चाकांचा तो परिणाम उलट्या फिरणाऱ्या चाकांनी पुसून टाकला होता. तरीही ढकलून दिल्यावर ती माणसाविना सावरत पुढे गेली, कारण पडू लागली की ती आपणहून त्याच बाजूला वळत होती. २०११ साली ‘सायन्स’ नियतकालिकात ते काम प्रसिद्ध झालं.

ही विद्या तुमच्याजवळ आहे. ती शब्दांत साठवलेली नाही. हातापायांच्या हालचाली मेंदूत जिथे मुरतात तिथे, लहान मेंदूच्या आसऱ्याने, ती बसलेली आहे. भाषा विसरते, माणसांची नावं विसरतात, ही सहसा विसरत नाही. पहिली काही पॅडलं डगमगतील. मग खांद्यांतला ताठपणा आपसूक उतरेल.

दम मात्र लागेल. हे प्रेमाने सांगतो, कारण इथेच बरेच जण मागे फिरतात. हातांना सगळं आठवतं, आणि पहिल्याच चढावर धाप लागते, तेव्हा वाटतं की आपलं वय झालं. वय झालेलं असेलही. पण नियमित चालवू लागलात की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातलं पाणी वाढतं, हृदयाच्या एकेका ठोक्यात जास्त रक्त पुढे जाऊ लागतं. सीटवर टेकणारी हाडं दुखतील, तीही काही दिवसांत सरावतील. तोवर चढावर उतरून सायकल हातात धरून चाला. त्यात कमीपणा काही नाही; पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी आपण तेच करत होतो.

मन इथे मोठ्या गोष्टींकडे पळेल, तर एकदा त्यालाही पळू द्या. २०१५ च्या जूनमध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडला पॅसिफिकच्या काठावर उभे राहिले आणि नऊ दिवसांच्या आत मेरिलँडमधल्या अ‍ॅनापोलिसला पोहोचले. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ म्हणतात तिला. सुमारे ३,००० मैल, म्हणजे ४,८०० किलोमीटर. दोन वर्षांनी नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ते अंतर एकट्याने पार केलं. २०१९ मध्ये नवी मुंबईचे वकील कबीर राचुरे यांनी. वाळवंट, रॉकी पर्वत, कॅन्ससचा सपाट वारा, आणि झोप जेमतेम. हे ऐकून आपण फार छोटे आहोत असं वाटू लागलं, तर परत इकडे या. मला त्यांच्या वेगापेक्षा दुसरंच काही जवळचं वाटतं. त्यांनाही एक ठिकाण होतं, जिथे पोहोचायचं होतं.

तेव्हा तुमचं ठिकाण शोधू. हा या मननाचा सगळ्यात सावकाश करायचा भाग आहे. घराभोवती दोन-तीन मैलांचं वर्तुळ मनात काढा आणि त्यात काय काय आहे ते एकेक करून आठवा. लायब्ररी. केस कापायचं दुकान. मुलांची जुनी शाळा. मराठी शाळेतल्या कोणाचं तरी घर. गाडीने आपण तिथे इतक्यांदा गेलो आहोत, की मधला रस्ता कधी पाहिलाच नाही. तो आता पाहा. मुख्य रस्ता सोडून, वस्तीतल्या आतल्या गल्ल्यांतून जाता येतं का?

कधीकधी ठिकाणापेक्षा वाटच बोलावते. मध्य न्यू जर्सीत, जिथे आपली माणसं हजारोंनी राहतात, तिथे डेलावेअर-रॅरिटन कालवा आहे. १८३४ साली तो सुरू झाला. मुख्यतः आयरिश मजुरांनी, फावड्या-कुदळींनी खणलेला. परमुलखात पोटासाठी आलेली माणसं ती. पेनसिल्व्हेनियाचा कोळसा घेऊन न्यूयॉर्ककडे निघालेल्या नावा त्यातून जायच्या, आणि काठाच्या पायवाटेने खेचरं त्यांना दोरांनी ओढायची. १९३२ मध्ये वाहतूक थांबली. खेचरांची ती वाट मात्र राहिली, आणि आज ती सायकलवाल्यांची आहे. मूळ कालवा ४४ मैलांचा, बॉर्डेनटाउनपासून न्यू ब्रन्सविकपर्यंत. किंग्स्टनला कुलपाजवळ, म्हणजे जिथे दारं लावून पाण्याची पातळी चढवत-उतरवत असत तिथे, सायकल उतरवा आणि उत्तरेकडे निघा. डाव्या-उजव्या हाताला कालवा आणि मिलस्टोन नदी, मध्ये बारीक खडीची सपाट वाट. खेचरांसाठी बांधलेली, म्हणून चढ जवळजवळ नाहीच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ओंडक्यांवर कासवं ओळीने ऊन खात असतात. ग्रिग्सटाउनला पूल उघडणाऱ्याचं जुनं घर अजून उभं आहे. तिथे थांबा, पाणी प्या, परत फिरा. पुष्कळ झालं.

फ्रीमाँटला राहत असाल तर नाइल्सपासून खाडीपर्यंत जाणारी अलामेडा क्रीकची वाट आहे. उत्तर व्हर्जिनियात जुन्या रेल्वेमार्गावर केलेली ४५ मैलांची डब्ल्यू अँड ओडी. पण अशा वाटा रविवारच्या. रोजच्यासाठी जवळचं काहीतरी हवं, आणि ते क्षुल्लक असलं तरच बरं.

एक सुचवू? स्वयंपाकघरात एखादा डबा पडला असेल, दुसऱ्या कोणाचा. गणपतीत किंवा दिवाळीत कोणी वहिनींनी, कोणी मावशींनी त्यातून चकल्या दिल्या, पुरणपोळ्या दिल्या, आणि तो परत करायचा राहून गेला. डबा रिकामा परत करायचा नाही हे आपल्याला माहीत आहे. तेव्हा त्यात काहीतरी घाला. थोडे लाडू, शिरा, काहीही. त्यांचं घर दोन मैलांवर असेल तर उत्तम.

टायरमध्ये हवा भरा. चेन पुसून दोन थेंब तेल सोडा. टायरच्या रबराला भेगा पडल्या असतील किंवा ब्रेकचे रबर कडक झाले असतील, तर सायकलच्या दुकानात दाखवून घ्या. तिथले लोक जुन्या सायकलींना नावं ठेवत नाहीत. हेल्मेट घ्या. सायकलला कॅरिअर नसेल, तर डब्यासाठी आधी तो बसवून घ्या, आणि वहिनींना फोन करून विचारा, शनिवारी सकाळी घरी आहात का.