गोड आठवणींचे ऋण



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या मंडळीत एक वाक्य हमखास ऐकू येते: “फादर, आमच्या लहानपणीचा नाताळ काही वेगळाच होता.” मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात, आजाऱ्यांना भेटायला गेल्यावर, गोठ्यासाठी तणीस गोळा करताना, कुणी ना कुणी हे म्हणतेच. आम्हीही ते अनेकदा म्हटले आहे, प्रवचनातूनही सांगितले आहे. या वर्षी मात्र या वाक्यापाशी थोडे थांबावे असे वाटते. लहानपणीच्या या गोड आठवणी खऱ्या असतात का? आणि खऱ्या असतील, तर त्या आपल्याकडून काही मागतात का?

प्रथम आमचीच आठवण सांगतो. आमचे वडील तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणीत कामाला होते. राहणे वसाहतीतल्या दोन खोल्यांत. नाताळची सुट्टी लागली की आम्ही सारे आजीच्या गावी जात असू. त्या दिवसांत धानाची कापणी आटोपलेली असे. बांध्यांमध्ये पुंजणे रचलेले, खळ्यावर मळणी चाललेली आणि उभ्या धानात फेकलेली लाखोळी आता हिरवीगार वर आलेली. काका बांबूच्या कामट्यांचा मोठा तारा बांधीत आणि त्याला पतंगाचा लाल कागद डकवीत. आम्ही भावंडे गोठ्यासाठी नवे तणीस आणीत असू. घरभर करंज्या-अनारशांचा वास. मग मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी धुऱ्याधुऱ्याने तीन-साडेतीन किलोमीटर चालत जायचे. सर्वांत लहान म्हणून काका आम्हाला खांद्यावर घेत. त्या उंचीवरून दिसणारी कंदिलांची रांग आणि काकांच्या मफलरला येणारा विडीचा वास आजही विसरता येत नाही.

सहा वर्षांपूर्वी हीच आठवण आम्ही आगमनकाळातील एका प्रवचनात सांगितली. लोकांना आवडली. घरी गेल्यावर कौतुकाने आईलाही सांगितली. आई तांदूळ निवडत होती. तिने सारे ऐकून घेतले आणि थोड्या वेळाने विचारले, “त्या रांगेत मी कुठं होती रे?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. आई त्या रांगेत नव्हतीच. मग तिने हळूहळू सांगितले. चुलीवर पातेले, अनारसे तळायचे राहिलेले, आजीचे गुडघे धरलेले, परत येणाऱ्या वीस माणसांचे जेवण. सलग सात नाताळ तिला मध्यरात्रीची मिस्सा मिळाली नव्हती. करंज्यांची साखर उधारीवर येई आणि ती उधारी फिटायला होळी उजाडे. आणखी एक गोष्ट तिने सांगितली. वडील आणि काका यांच्यात बांधीच्या वाटणीवरून वाद झाल्याचे आम्हाला ठाऊक होते, पण तो फार नंतरचा असे आम्ही धरून चाललो होतो. तो वाद त्या शेवटच्या नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी झाला होता. गावी जाणे बंद झाले ते आमच्या शाळेमुळे नव्हे, त्या वादामुळे. वडील वारले तोवर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. काका मातीला आले, लांब उभे राहिले आणि पाणी न घेता परत गेले.

“हे आधी का नाही सांगितलंस?” आम्ही विचारले.

“तुमचं गोड तेवढं गोड राहू द्यावं म्हटलं, बाप्पा.”

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. आमची आठवण खोटी होती काय? आम्ही लोकांना वेदीजवळून खोटे सांगितले काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना वाचलेल्या काही गोष्टी अशा वेळी उपयोगी पडतात. ॲरिस्टॉटलने स्मृतीवर एक छोटा ग्रंथ लिहिला आहे. त्यात तो दोन गोष्टी वेगळ्या करतो: स्मृती मनात असणे आणि प्रयत्नपूर्वक स्मरण करणे. आपल्या मराठीतही हा भेद आहे. आठवण ‘येते’, आणि आपण आठवण ‘काढतो’. येणारी आठवण आपल्या हातात नसते. ती करंजीच्या वासाबरोबर येते, जे गोड तेवढे घेऊन येते. तिच्यात पाप नाही. पण काढलेली आठवण हे आपले कृत्य आहे, आणि जेथे कृत्य आहे तेथे जबाबदारीही आहे. आपण कोणाची आठवण काढतो आणि कोणाला गाळतो, हा नीतीचा प्रश्न आहे.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात स्मृतीला एका भव्य राजवाड्याची उपमा दिली आहे. त्यांना एका गोष्टीचे नवल वाटते. गेलेले दुःख आठवताना आपण दुःखी असतोच असे नाही, आणि गेलेला आनंद आठवताना कधी मन उदास होते. म्हणजे स्मृती प्रसंग जपते, पण त्याची चव बदलते. तेव्हा चवीवरून सत्य ठरवू नये, हा बोध आपण घ्यावा.

येथे दोन चुका होतात. पहिली चूक गोडव्यातच अडकून पडण्याची. १६८८ साली योहान्स होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बासेल येथील प्रबंधात घराच्या ओढीने झुरणाऱ्या लोकांचे वर्णन केले आणि त्या ओढीला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. आज हा शब्द आपण कौतुकाने वापरतो. त्याने तो आजाराचे नाव म्हणून दिला होता! ही ओढ अजूनही आजार होऊ शकते. आजचा नाताळ कालच्या मापाने मोजायचा, मुलांना नावे ठेवायची, सुनेच्या करंजीत आईची करंजी शोधायची. अशा माणसासमोर बाळ येशू पुन्हा जन्मला तरी तो म्हणेल, पूर्वीसारखा नाही.

दुसरी चूक उलट बाजूची. कडू गोष्ट कळली की सारेच फेकून द्यायचे. ‘ते सगळे नाटक होते’ असे म्हणून मोकळे व्हायचे. पण काकांचा खांदा नाटक नव्हता. आईच्या हातचा अनारसा नाटक नव्हता. गोडवा खरा होता, कारण तो प्रेमाने केलेला होता. फक्त तो फुकट नव्हता.

मग योग्य वाट कोणती? ती आपल्याला पवित्र मरियेकडे पाहून कळते. संत लूक आपल्या दुसऱ्या अध्यायात सांगतात की मरियेने साऱ्या गोष्टी अंतःकरणात जपून ठेवल्या. पण हे ते एकदा नव्हे, दोनदा सांगतात. पहिल्यांदा मेंढपाळ येऊन गेल्यावर, आनंदाच्या रात्री. दुसऱ्यांदा येशू बारा वर्षांचा असताना. पवित्र कुटुंब दरवर्षीप्रमाणे वल्हांडणाच्या सणाला यरुशलेमला गेले होते. आजच्या भाषेत म्हणायचे तर ती सणाची कौटुंबिक सहलच. परतताना मुलगा हरवला आणि तीन दिवस आईबाप वणवण फिरले. ती धास्तीही मरियेने त्याच अंतःकरणात, गव्हाणीच्या रात्रीशेजारीच ठेवली. गोड वेगळ्या डब्यात आणि कडू वेगळ्या डब्यात, असे तिने केले नाही.

आपली मिस्साही हेच करते. शेवटचे भोजन हे प्रभूचे आपल्या जवळच्या माणसांबरोबरचे शेवटचे प्रेमाचे जेवण. त्याचे स्मरण करताना ख्रिस्तसभा आठवते की ती रात्र विश्वासघाताची होती. संत पौल करिंथकरांस लिहितानाही ही गोष्ट लपवीत नाहीत. सर्वांत पवित्र आठवणीतूनही विश्वासघात गाळलेला नाही. तरीही त्या स्मरणाला आपण ‘उपकारस्तुती’ म्हणतो.

मराठीत याचे एक सुंदर उदाहरण आहे. लक्ष्मीबाई टिळक आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या, तरी त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रत्येक ख्रिस्ती घरात असावीत. टिळक कुटुंब काही काळ राजनांदगावला होते, म्हणजे आपल्या भंडारा रोड आणि तुमसर रोडवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या अतिरेकाने घरच्यांना हैराण करीत. बाईंनी ते झाकले नाही आणि त्यावर विषही ओतले नाही. त्या हसत हसत खरे सांगतात. आपल्या माणसांची आठवण कशी काढावी, याचा हा धडा आहे.

संत थॉमस अक्वायनस कृतज्ञतेविषयी लिहिताना म्हणतात की देणगी केवढी यापेक्षा देणाऱ्याचे मन कसे होते याकडे पाहावे. पण देणारा कोण, हेच ठाऊक नसेल तर त्याचे मन कसे पाहणार? गोड आठवण म्हणजे आपण काही तरी घेतले होते याची पावती. त्या पावतीवर देणाऱ्याचे नाव लिहिणे हे आपले काम.

आमच्या पावतीवर दोन नावे लिहायची राहिली होती. आईचे नाव तिने स्वतःच विचारले. काकांचे उरले. आम्ही धर्मगुरू; समेटावर किती प्रवचने केली असतील! पण वडील वारल्यानंतर पाच वर्षे काकांच्या दारात गेलो नव्हतो. त्या वर्षी नाताळाच्या दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेलो. काका थकले होते. फार बोलणे झाले नाही. बांधीचा विषय कुणी काढला नाही. काकूने भात आणि लाखोळीची भाजी वाढली. निघताना आम्ही त्या खांद्याची आठवण सांगितली. काका म्हणाले, “मी लहान होतो तवा तुया बापानं मले तसंच नेलं होतं. मी फक्त फेडलं.”

आम्ही इतकी वर्षे ज्याला काकांची माया समजत होतो, तिच्या मागे आमचे वडीलच उभे होते. आणि दोघे भाऊ हे ठाऊक असूनही बोलू शकले नाहीत. जे ऋण पुढच्या पिढीला फेडता आले, ते एकमेकांना सांगता आले नाही. याचे दुःख आम्हाला आहे, आणि म्हणूनच हे लिहितो आहोत.

प्रिय भाविकहो, नाताळला अजून काही दिवस आहेत. आपल्या घरी आई, आजी, मावशी कुणी वयस्क असेल तर तिच्याजवळ बसा आणि विचारा, “त्या वेळी तू कुठे होतीस?” ऐकून घ्या, मधे बोलू नका. धुऱ्यावरून, भिंतीवरून, सोन्यावरून ज्याच्याशी बोलणे थांबले आहे, त्याने तुमच्या लहानपणी तुम्हाला काय दिले होते ते एकदा आठवून पाहा. न्याय जिथे मागायचा तिथे मागा, पण ती पावती फाडू नका. आणि या वर्षी मध्यरात्रीच्या मिस्सेच्या वेळी आपल्या घरची चूल बंद असू द्या. भाताचे पातेले पुरुषांनी आधीच उतरवावे. कोणत्याही घरची आई त्या रांगेतून गाळली जाऊ नये.

ज्यांच्याजवळ अशी गोड आठवण मुळातच नाही, ज्यांचे बालपण वसतिगृहात, भांडणात किंवा उपाशीपोटी गेले, तेही आपल्यात आहेत. त्यांच्यासमोर आपल्या आठवणींचे प्रदर्शन मांडण्यापेक्षा त्यांना आपल्या पंगतीत बसवू या. आणि आपली मुले? ती आज आठवणी गोळा करीत आहेत. चाळीस वर्षांनी ती कुणाचा खांदा आठवतील, हे आपण आता ठरवीत आहोत.

गव्हाणीत निजलेला बाळ येशू आपल्या घरांतील गोड आणि कडू दोन्ही आठवणींना आशीर्वाद देवो.

आपले फादर