दोन पैशांची दक्षिणा

मितव्ययाने जीवनातील रस आटतो असे मानणाऱ्यांनी १९१६ सालच्या काशीतील एका वीस वर्षांच्या मराठी तरुणाचा जमाखर्च अवश्य पाहावा. इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस निघालेले विनायक नरहरी भावे, म्हणजेच पुढचे विनोबा, वाटेत सुरतेस उतरले आणि ब्रह्मजिज्ञासेने थेट काशीस गेले. दुपारी अन्नछत्रात जेवावे, तेथे मिळणाऱ्या दोन पैशांच्या दक्षिणेत सायंकाळी दही व रताळी घ्यावीत, असा त्यांचा क्रम होता. रुपयाचे चौसष्ट पैसे होते त्या काळी ही दक्षिणा महिनाअखेर पुरता एक रुपयाही भरत नसे. परंतु जमेच्या बाजूस ग्रंथालयातील वाचन होते, शास्त्रचर्चेने गजबजलेले घाट होते आणि अखंड वाहणारी गंगा होती, जिच्या काठी बसून ते कविता रचीत आणि मनाजोगी उतरली की तिच्याच प्रवाहात सोडून देत. अन्नाच्या बाबतीत एवढा काटेकोर असलेला पुरुष आपल्या निर्मितीविषयी इतका मुक्तहस्त असावा, यातच मला या मितव्ययाचे मर्म दिसते: गरजांचा पसारा आवरल्यामुळे त्यांचा वेळ आणि त्यांचे चित्त कोणाकडेही गहाण पडले नव्हते.

मात्र याच काशीत, त्याच गल्ल्यांतून, काशीवासाच्या नावाखाली घरच्यांनी आणून सोडलेल्या कितीएक विधवाही अर्धपोटी दिवस कंठीत होत्या. त्यांचा खर्च विनोबांइतकाच अल्प असेल. पण तो त्यांनी निवडलेला नव्हता, आणि त्या उपासमारीला वैराग्याचे नाव देणे हा मी अपराध समजतो. विनोबांना परत फिरण्याची वाट मोकळी होती, आणि दुपारच्या पानाची शाश्वती कोणा दात्याने अन्नछत्रास लावून दिलेल्या नेमणुकीने दिलेली होती. साधेपणाचे गुणगान करताना हे दुसऱ्याचे अन्न आपण हिशेबातून सहसा वगळतो.

त्याच वर्षी ६ फेब्रुवारीस हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींनी रत्नालंकारांनी मढलेल्या राजेमहाराजांना भर सभेत खडसावले होते. शहरात अद्याप चर्चेत असलेले ते भाषण विनोबांनी वृत्तपत्रात वाचले आणि गांधीजींशी पत्रव्यवहार सुरू केला. ७ जून रोजी ते अहमदाबादेस कोचरब आश्रमात पोहोचले, तेव्हा गांधीजी भाजी चिरीत बसले होते. त्यांनी विनोबांच्याही हाती एक सुरी दिली.