लावणीचे शिष्यत्व आणि वारसा नाकारण्याचा हक्क

‘बैठकीची लावणी टिकली पाहिजे’ हे विधान आपल्याकडे इतक्या सहजतेने केले जाते, की त्यातील ‘पाहिजे’ नेमके कोणावर बंधनकारक आहे हे विचारायचेच राहून जाते. विधान करणारा बहुधा रसिक असतो, अभ्यासक असतो किंवा शासन असते. पाळायचे मात्र संगीतबारीतल्या एखाद्या मुलीने.

लोककलांच्या संदर्भात आता सर्रास वापरला जाणारा ‘गुरू-शिष्य परंपरा’ हा शब्दप्रयोग मुळात अभिजात संगीताच्या घराण्यांचा. तेथे शिष्य, निदान तत्त्वतः, गुरूकडे जातो. संगीतबारीत शिष्या जन्मालाच येते. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांना पहिली तालीम आईकडूनच मिळाली. त्यांना १९७७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आनंद रास्तच आहे. परंतु ज्या व्यवस्थेत मुलीचे नाचणे हे घराच्या उपजीविकेचे साधन ठरते, त्या व्यवस्थेचे रूप किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनाने दाखविल्यानंतर ‘वारसा’ हा शब्द पूर्वीच्या निरागसतेने उच्चारता येत नाही.

तरीही प्रश्न केवळ शोषणाचा म्हणून मिटवता येत नाही, कारण येथे जे शिकले जाते ते खरोखरच दुर्मीळ आहे. बैठकीत गायिका बसल्या जागी एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि प्रत्येक वेळी नजरेने, हाताने, मानेच्या किंचित वळणाने तिचा अर्थ पालटते. चाल आणि शब्द पाठ करता येतात, ठेकाही बसवता येतो. पण ओळ पुन्हा केव्हा घ्यायची आणि केव्हा सोडून द्यायची, हे समोरच्याचा चेहरा वाचूनच ठरते. ढोलकीवाल्यालाही वाजविण्याइतकेच थांबणे शिकावे लागते. हे ध्वनिमुद्रणातून येत नाही. वर्षानुवर्षे शेजारी बसूनच येते.

अडचण अशी, की हा चेहरा दौलतजादा करणाऱ्याचा होता. वाचनाची ही सूक्ष्मता गरजेच्या सहाणेवर घासली गेली आहे. कलेचा उगम म्हणजे तिचा अंतिम अर्थ नव्हे, असे मी मानतो. परंतु उगम झाकून केलेले अध्यापन अप्रामाणिक असते आणि कलादृष्ट्याही उथळ. शिबिरात पदन्यास तेवढा शिकविला, तर शिष्येच्या हाती अदा येते, तिच्यामागचा सावधपणा येत नाही. (चित्रपटांनी लावणीचे जे केले, त्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे.)

मग आपली कला मुलीला न शिकविता तिला शाळेत घालणाऱ्या बाईविषयी समीक्षेने काय म्हणावे? आपण परंपरा खंडित झाल्याची हळहळ व्यक्त करतो. वस्तुतः तिने निवाडा केलेला असतो, आणि तो कलेचे मोल न कळल्यामुळे नव्हे. गुरूचे पहिले उत्तरदायित्व शिष्येशी असते, कलेशी त्यानंतर. या निकषावर तिचे न शिकविणे हेही गुरुत्वच ठरते.

शिकण्याची निवड करणारी मुलगी, मग ती त्या घरातली असो वा बाहेरची, ही लावणी बदलणारच. तिच्यासमोर तिकीट काढून बसलेला प्रेक्षक असेल. त्याच्या नजरेला उत्तर देण्याची सक्ती तिच्यावर नसेल, आणि ओळ पुन्हा घेण्याची कारणेही वेगळी असतील. त्या बदलाला ऱ्हास म्हणण्यापूर्वी, जुन्या बैठकीत ते पुन्हा घेणे कितपत तिच्या मर्जीचे होते, हे आपल्याला तपासावे लागेल.