जुनी खतावणी, नवे यंत्र

श्रोतेहो, हिशेब आणि परमार्थ यांचे वैर आहे असे कित्येकांस वाटते. ते खरे नव्हे. परंपरा सांगते की, देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत असता नाथमहाराज एका पैची चूक शोधीत रात्रभर बसले, आणि ती सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. हीच एकाग्रता भगवंताकडे लागली तर काय होईल, एवढेच स्वामींनी सुचविले. चूक शोधू नको, असे मात्र ते म्हणाले नाहीत.

गेल्या कार्तिकात आम्ही भाट्ये येथे कीर्तनास गेलो होतो. उतरलो ते एका पेन्शनर गृहस्थांकडे. खाऱ्या वाऱ्याने त्यांचा जुना संगणक खिळखिळा झालेला. त्यात पंचवीस वर्षांचा घरखर्च 'मायक्रोसॉफ्ट मनी' या कार्यक्रमात मांडलेला. त्याची विक्री २००९ सालीच थांबली. तेव्हा सारा हिशेब नव्या संगणकावर, नव्या कार्यक्रमात नेणे आले. प्रत्येक खात्याची 'क्यूआयएफ' फाईल वेगळी काढायची आणि एकेक चढवायची. सर्व चढले, पण शिल्लक जुळेना. पहाटे उलगडा झाला. एका खात्यातून दुसऱ्यात टाकलेली रक्कम दोन्ही फाईलींत होती, म्हणून ती दोनदा धरली गेली. यजमानांनी टाळी वाजविली नाही. चहा मात्र टाकायला सांगितला.

मग हळूच म्हणाले, "बुवा, सगळं जुळलं. पण ही एक नोंद बघा." 'येणे' या सदरात धाकट्या भावाच्या नावे ४०,००० रुपये, २०११ सालचे. त्या पैशापायी दोन्ही घरांचे बोलणे बंद. मधे फक्त माडांची एक रांग. "ही नव्या मशीनवर नेऊ, की इथंच टाकून देऊ?"

आम्ही म्हणालो, "टाकून द्याल तर ताळा पुन्हा मोडेल. आणि मशीनमधून गेली तरी मनातून जाईल काय?"

गीतेच्या पंधराव्या अध्यायात दृष्टान्त आहे की, वारा जसा गंध घेऊन जातो तसा जीव मन-इंद्रिये घेऊन दुसऱ्या देहात जातो. यंत्र नवे, खतावणी जुनीच! संचित म्हणजे सारी जुनी वही, प्रारब्ध म्हणजे नव्या पानावर ओढलेली बाकी, आणि क्रियमाण म्हणजे आज आपल्या हाताने होणारी नोंद. पहिल्या दोहोंत खाडाखोड चालत नाही. तिसरी आपल्या हाती.

तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही कथा आपण आवडीने ऐकतो. पण त्याआधी त्यांनी धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा त्यांच्या हाती दिला, हे विसरतो. बुडविले ते स्वतःच्या वाट्याचे. खते खोटी ठरविली नाहीत; येणे खरे होते, म्हणूनच सोडण्यास मोल आले.

"तेव्हा नोंद जशीच्या तशी न्या," आम्ही सांगितले. "मग तिच्याखाली आजच्या तारखेस 'माफ' लिहा, आणि भावाला तोंडाने सांगा."

"लिहिणं सोपं आहे, बुवा. सांगणं कठीण."

कठीण खरेच. वारीत अनोळखी माणसाच्या पायी आपण सहज डोके ठेवतो. सख्ख्या भावाच्या दारात पाय अडतो.

पुढे त्यांनी काय केले ते आम्ही विचारले नाही. परतताना भाट्याचा पूल ओलांडीत असता आमचीच दोन जुनी येणी मनात उभी राहिली. असो. नवे यंत्र आज ना उद्या प्रत्येकास मिळणार आहे. बाकी पुढे ओढली जाण्याआधी, जी सोडवेल ती आजच सोडावी.

रामकृष्णहरि!