मागचा बोळ

दिवाळीचा अंक बहुधा फराळाच्या बशीशेजारी उघडला जातो, हे ठाऊक असूनही मी आज संडासाविषयी लिहिणार आहे. ज्यांना हे रुचणार नाही त्यांनी चकली संपवून मग पुढे वाचावे. विषय तोवर कोठे जात नाही. आणि खरे सांगायचे तर ज्या घरी लेकी, जावई, नातवंडे मिळून अकरा माणसे उतरलेली असतात व संडास एकच असतो, त्या घरी सणाच्या चार दिवसांत पहाटे चारपासून याच विषयाचे चिंतन चाललेले असते.

गेल्या दिवाळीत माझा मुलगा ओसाकाहून सहकुटुंब गडहिंग्लजला आला होता. नातू दहा वर्षांचा, जन्माने तिकडचाच. मराठी बोलतो, पण ओढ्यातल्या दगडावर पाय ठेवावा तसे जपून. आल्याआल्या तो संडासाच्या दाराशी काहीतरी शोधू लागला. त्याला आतल्या वेगळ्या सपाता हव्या होत्या. जपानात घरात वापरायच्या सपाता संडासाच्या उंबऱ्याशी काढतात आणि आत ठेवलेल्या निराळ्या पायांत सरकवतात. आतल्याच सपाता घालून चुकून बैठकीत येणे ही तिकडे मोठी फजिती. माझ्या पत्नीला हे फारच आवडले. "बघा, त्यांच्यातसुद्धा सोवळंओवळं आहे," ती म्हणाली.

सोवळेओवळे कोणात नाही? माझे आजोबा जानवे उजव्या कानाला अडकवल्याशिवाय परसाकडे जात नसत, आणि आल्यावर मातीने हात धुण्याचा त्यांचा हिशेब ठरलेला असे. डाव्या हाताला दहा वेळा, मग दोन्ही हातांना सात वेळा. पुढे मनुस्मृती चाळताना पाचव्या अध्यायात हेच आकडे भेटले तेव्हा मला आजोबा भेटल्यासारखे वाटले. ब्रह्मचाऱ्याला याच्या दुप्पट, वानप्रस्थाला तिप्पट आणि संन्याशाला चौपट, असेही तेथे सांगितले आहे. दिवसा उत्तरेकडे तोंड करून बसावे व रात्री दक्षिणेकडे, हाही दंडक आहे. मुसलमानांत डाव्या हाताचा नि पाण्याचा दंडक आहे. प्राचीन रोमचे नागरिक सार्वजनिक शौचालयात एका ओळीत शेजारी शेजारी बसत आणि काठीला बांधलेला स्पंज वापरत. तो पुढच्याच्याही उपयोगी पडे म्हणतात. इटलीत 1975 सालच्या सरकारी हुकमाने प्रत्येक नव्या घरात धुण्याचे वेगळे भांडे बसवणे सक्तीचे केले, तर शेजारच्या देशांतले लोक कागदावर समाधानी आहेत. आपले लोक अमेरिकेला जाताना सामानात प्लॅस्टिकचे टमरेल दडवून नेतात. ते म्हणतात, "शी, हात लावता?" आपण म्हणतो, "शी, धूत नाही?" दोन्ही पक्ष मनापासून बोलतात. यात नीतीचा प्रश्न आहे असे मला कधी वाटले नव्हते. सवय ती सवय. कोणी भाकरी खातो, कोणी पाव.

वसुबारसेच्या दुपारी नातू संडासातून बराच वेळ बाहेर येईना, म्हणून मी हाक मारली. दार उघडेच होते. पोरगे विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ब्रशाने भांडे घासत होते.

"अरे, तू कशाला? उद्या बाई येईल," मी म्हणालो.

"बाई?" त्याने चमकून विचारले. ओसाकात रविवारी त्याला मराठी शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्याच्या लेखी बाई म्हणजे त्याच. "बाई संडास धुतात?"

घरात हसू पिकले. पण त्याला शाळेत हे काम पाळीने करावे लागते. तिकडच्या शाळांतून वर्ग, जिने पुसायचे काम मुलेच करतात, पुष्कळ ठिकाणी संडाससुद्धा. त्याने ते ज्या निर्विकारपणे सांगितले, त्याने माझे हसू मधेच थांबले. आमच्या जुन्या घराचा मागचा बोळ मला आठवला.

तेव्हा टोपलीचा संडास होता. दोन पायऱ्या चढून आपण पुढून जायचे. मागे बोळाच्या बाजूला पत्र्याची झडप. रोज सकाळी एक बाई त्या बोळातून येई, झडप उचले, टोपली ओढून डब्यात रिकामी करी, राख टाकी आणि डोक्यावर घेऊन जाई. 1970च्या सुमारास तो संडास गेला. तोवर वीस-बावीस वर्षे ती आमच्या घरी आली, पण तिचे तोंड मला आठवत नाही. आठवतो तो पाठीमागून दिसणारा पदर. दिवाळीची पोस्त मागायला ती पाडव्याला यायची, तीही बोळाकडूनच. आजी वरून लाडू टाकायची आणि ती तो झेलायची. सात वेळा हात धुणाऱ्या आमच्या घराला त्यात काही घाण दिसली नाही.

माझ्या वयाची माणसे येथे म्हणतात, "काळच तसा होता." पण काळ सगळ्यांचा सारखा नसतो. आमचा घाट उतरला की कणकवली लागते. तेथे गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन मैल्याचे सोनखत करण्याचे प्रयोग करीत. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले होते. वरच्या जातीच्या कैद्याला ते देता येत नाही असा नियम सांगून तुरुंगाने नकार दिला, तेव्हा त्यांनी अन्न कमी केले. आणि त्यांच्यासाठी डिसेंबर 1932 मध्ये येरवड्याला गांधीजींनी उपवास आरंभला. जे काम दुसऱ्याच्या गळ्यात जन्मानेच बांधले होते, ते करू द्या म्हणून एका ब्राह्मणाला उपाशी राहावे लागले!

तरी या कथेने मी विरघळून जात नाही. 1945 सालच्या आपल्या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी या कामाच्या गौरवावर कठोर टीका केली. ज्याला ते सोडण्याची मुभाच नाही त्याला ते पवित्र असल्याचे सांगणे म्हणजे त्याची थट्टा, असा त्यांचा रोख होता. अप्पासाहेबांना परत येता येत होते, बोळातल्या त्या बाईला येत नव्हते. माझा नातूही घासून झाल्यावर हात धुऊन करंजी खायला बसला.

घाणीची किळस उपजतच असते आणि तिला औषध नाही, असेही म्हणतात. असेल. पण जुन्या ओसाकात मैल्याला भाव होता. घरातली विष्ठा घरमालकाची आणि मूत्र भाडेकरूचे, असा तेथला हक्क. शेतकरी पैसे मोजून किंवा भाजीपाला देऊन ते नेत, आणि नेऊन शेतकरीच राहत. किळस त्यांनाही येतच असणार. तिला जात मात्र लागली नाही. आपणही त्याच वस्तूला सोनखत म्हणतो. सोने खताला लागले, वाहणाऱ्याला लागले नाही.

आता मला जे सांगायचे आहे ते सणाच्या दिवशी सांगू नये, पण मग कधी सांगणार? सहा वर्षांपूर्वी आमची मैल्याची टाकी भरली. टाकी परसात, वाट तोच मागचा बोळ, आणि बोळात उपसायची गाडी येईना. तिचा पाइपही पुरेना. कोणीतरी दोन माणसे आणून दिली. एक दोर धरून वर राहिला, दुसरा बादली घेऊन आत उतरला. माणसाला असे टाकीत उतरवणे 2013च्या कायद्याने गुन्हा आहे. आतल्या वायूने माणसे मरतात. अशा मरणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली दहा लाख रुपये ठरवले आणि 2023 मध्ये तीस लाख केले. कायदा मी वर्तमानपत्रात वाचलेला होता. त्या दोन तासांत मी माडीवर नाकाला रुमाल लावून उभा होतो, आणि टाकी कितपत रिकामी झाली तेवढेच वरून विचारत होतो. माणूस धडधाकट वर आला. मी ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त दिले. चहाही दिला, कागदी पेल्यातून.

त्या कागदी पेल्याचे मला तेव्हा समाधान वाटले होते. वेगळी कपबशी कोनाड्यात ठेवायची आजीची रीत आपण मोडली, असे वाटले. पेला फेकून द्यायचा असल्यामुळे तो वेगळा होता हे कोणाच्या ध्यानातही येत नाही, आपल्यासुद्धा. त्या माणसाचे तोंडही मला आठवत नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी टेप काढली. नातवाला एक टोक धरायला सांगून बोळाच्या तोंडाशी, गाडी जेथे थांबू शकते तेथे उभे केले आणि दुसरे टोक घेऊन परसात चाललो. टेप तीनदा पुन्हा लावावी लागली. टाकीच्या झाकणापर्यंत एकशे बारा फूट भरले.

"कशाला मोजतो आहेस, आजोबा?" त्याने बोळातूनच ओरडून विचारले.

"पाइप आणायचाय," मी म्हणालो.