कोणता चेहरा दाखवावा?

परदेशी राहणाऱ्या माणसाने मागे राहिलेल्या आईवडिलांना आपला कोणता चेहरा दाखवावा? ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आम्हां कुटुंबांना हा प्रश्न नवा नाही. टेलिफोनच्या एका जुन्या यंत्राने तो फार स्पष्ट करून मांडला होता.

तारेवरून चित्र पाठविण्याची ओढ याच देशात जुनी आहे. स्कॉटलंडचा घड्याळजी अलेक्झांडर बेन याने १८४३ साली तशा युक्तीचे पेटंट घेतले. परंतु पुढे घरोघर आलेली टेलिफोनची तार बोलण्यापुरतीच बेतलेली होती. तिच्यातून सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी जात. टेलिव्हिजनच्या हलत्या चित्राला याच्या हजारपटीहून अधिक जागा लागे. म्हणून मित्सुबिशी कंपनीने १९८८ च्या सुमारास अमेरिकेत सुमारे ४०० डॉलरला विकावयास काढलेले ‘व्हिजिटेल’ हे यंत्र एक स्थिर, कृष्णधवल चित्रच पाठवी. बटण दाबले की चित्राचे ध्वनीत रूपांतर होई, आणि ते पोहोचेपर्यंत पाचेक सेकंद दोन्हीकडचे बोलणे थांबे. १९९३ साली ब्रिटिश टेलिकॉमने साध्या तारेवरच हलते चित्र दाखविणारा ‘रिलेट २०००’ आणला. तोही घरोघर पोहोचला नाही.

स्थिर चित्र पाठविणाऱ्याला क्षण निवडता येई. केस विंचरावेत, हसावे, मग बटण दाबावे. हा खोटेपणा म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. पाहुण्यासमोर घर आवरून ठेवणे ही फसवणूक नव्हे. पण नोकरी गेली आहे, दुखणे वाढले आहे, आणि आपण हसरा चेहराच धाडत राहिलो, तर आईवडिलांचा एक हक्क आपण हिरावून घेतो: सल्ला देण्याचा, आपल्यासाठी काळजी करण्याचा. ‘त्यांना उगाच त्रास नको’ असे आपण म्हणतो. पुष्कळदा जपायची असते ती आपली अब्रू.

आज हातातल्या फोनवर चित्र अखंड हलते. तरीही ओल आलेली भिंत दिसू नये म्हणून आपण फोन किंचित वळवितोच. तिकडे मुंबईत किंवा अलिबागेत आईदेखील ठेवणीतली साडी नेसून बसते आणि हातातली काठी बाजूला सारते. दोन्हीकडून लपवाछपवी, दोन्हीकडून माया. यंत्र सुधारले म्हणून सत्य आपोआप पोहोचत नाही.

त्या जुन्या यंत्रात चित्र पोहोचल्यावर बोलणे पुन्हा सुरू होई, आणि आईचा पहिला प्रश्न ठरलेलाच: “बरा आहेस ना?” खरी कसोटी तेथे आहे. चेहरा नीटनेटका करून दाखवावा. त्यात मायाच असते. पण या प्रश्नाला उत्तर मात्र खरे द्यावे, आणि तोच प्रश्न उलट विचारून तिचेही खरे उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नये.